भोजनोत्तर चार चमचे

"बरणीला सलाईन का लावलंय?"

अण्णांनी हे विचारलं तेव्हा मी दात घासत होतो. तोंडात फेस, हातात ब्रश, आणि समोर मागच्या गॅलरीत पंचा नेसून उभे असलेले माझे सासरे. गोधडी त्यांनी बाजूला केली होती आणि तिच्याखालची चिनी मातीची बरणी उघडी पडली होती. बरणीच्या तोंडावर घट्ट बांधलेलं मेणकापड, मेणकापडातून निघालेली सलाईनची नळी आणि नळीचं दुसरं टोक पाण्याच्या बाटलीत. त्या बाटलीत बुडबुडे यायला हवे होते. मंगळवारपासून एकही आला नव्हता आणि आज गुरुवार होता.

चूळ भरायला जितका वेळ लावता येईल तितका मी लावला.

"आसव आहे," मी म्हणालो.

जगात खोटं बोलायला हजार विषय आहेत. त्यातून मी आसव निवडलं, आणि तेही वैद्य दिनकरशास्त्री मोघे, मुक्काम गुहागर, यांच्यासमोर. त्यांच्या घरात चार पिढ्या औषधी काढे आंबवून त्यांची आसवं आणि अरिष्टं मुरवण्यात गेल्या होत्या. म्हणतात ना, सोनाराच्या दुकानात पितळ विकायला जाऊ नये.

बरणीत बिअर होती. काळी, गोड बिअर. मी तेव्हा नाशिकला एका रंगाच्या कारखान्यात केमिस्ट होतो. कंपनीनं मला चार महिने इंग्लंडला पाठवलं होतं आणि तिथली माझी घरमालकीण कपडे धुण्याच्या खोलीत ही बिअर करायची. मोड आणलेले जव, त्यातले थोडे काळेकुट्ट भाजलेले, कडू फुलं आणि दुधाची साखर. ही साखर यीस्टला पचत नाही, म्हणून बिअर तयार झाली तरी तिच्यात गोडवा शिल्लक राहतो. निघताना बाईंनी मला वाळलेली फुलं आणि यीस्टच्या दोन पुड्या दिल्या. पहिली पुडी मी कढत पाण्यात टाकून मारली. दुसरीसाठी मात्र जिवाचं रान केलं. जवाला मोड आणले, गच्चीवर वाळवले, कढईत भाजून शेजाऱ्यांना ठसका लावला. दुधाची साखर एका होमिओपॅथ डॉक्टरांकडून आणली. दोन किलो मागितल्यावर ते खुर्चीतून उठून उभे राहिले आणि म्हणाले, "एवढं कुणाला काय झालंय?" वासासाठी कॉफी घातली. कॉफी आहे तर जायफळ हवंच, असं माझी बायको मेधा म्हणाली, म्हणून जायफळ घातलं, आणि जायफळाला एकटं वाटू नये म्हणून वेलची. रविवारी बरणी लावली आणि सोमवारी अण्णांचं पत्र आलं.

"नाशकास वैद्यसंमेलन आहे. बुधवारी येतो. तुमच्याकडे उतरेन. माझी व्यवस्था मी आणतो."

शेवटचं वाक्य वाचून मेधा खाली बसली होती. आमचं लग्न नोंदणीनं झालं त्याला तेव्हा तीन वर्षं झाली होती. मी चौबळ, म्हणजे सीकेपी, म्हणजे मासे खाणारा. शिवाय आम्ही मोघ्यांना विचारलं नव्हतं, कळवलं होतं. अण्णा तेव्हा इतकंच म्हणाले होते, "त्या घरचं अन्नपाणी माझ्या घशाखाली उतरायचं नाही." माणूस शब्दाचा पक्का. तीन वर्षांत ते एकदाही आले नाहीत, आणि आता येत होते ते मेधाला सातवा महिना होता म्हणून. संमेलन हे निमित्त होतं, एवढं मलाही कळत होतं.

"एक घास, श्रीरंग," मेधा मला म्हणाली होती. "त्यांनी माझ्या हातचा एक घास खाल्ला ना, की मी भरून पावले."

तिनं मासे बंद केले, भांडी चिंचेनं घासली आणि मला सांगितलं, "ती तुझी बरणी मोरीत ओत. त्यांना कळलं घरात दारू मुरतेय, तर आल्या पावली परत जातील."

मी हो म्हणालो आणि बरणीवर गोधडी घातली. शेवटची पुडी होती हो.

बुधवारी संध्याकाळी अण्णा आले ते एक ट्रंक घेऊन. तिच्यात रॉकेलचा स्टो, तांदूळ, मुगाची डाळ, थोडं पीठ, तवा, दोन पातेली आणि तांब्याची कळशी. पाणी ते शेजारच्या देवळाच्या विहिरीवरून आणणार होते. स्वयंपाकासाठी त्यांना घरापासून जरा सुटी जागा हवी होती, आणि आमच्या दोन खोल्यांत अशी जागा एकच होती. मागची गॅलरी.

"कशाचं आसव?" अण्णांनी विचारलं.

"जवाचं."

"यवासव." त्यांनी बारसं उरकून टाकलं. "कोणत्या ग्रंथात आहे?"

"आमच्या आजीचं आहे."

माझी आजी दादरला राहायची आणि तिला आसव सोडाच, चहासुद्धा धड जमत नसे. अण्णा ऐकत नव्हतेच. ते उकिडवे बसून बरणीच्या बुडाशी काहीतरी बघत होते. तिथला एक टवका उडालेला होता. त्यावरून त्यांनी अंगठा फिरवला.

"मेधे," त्यांनी हाक मारली. "ही बरणी आपली आहे."

मेधा दारात येऊन उभी राहिली. तिनं एकदा बरणीकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. तिच्या त्या बघण्याचं वर्णन मी आजही करणार नाही.

"आईनं लोणचं घालून पाठवली होती," ती म्हणाली. "लग्नानंतर. मामाबरोबर."

"हिच्यात मी कुमारीआसव मुरवत असे. तुझ्या आईनं मला सांगितलं, मांजरानं फोडली." अण्णांचा अंगठा अजून टवक्यावरच होता. "मी त्या मांजराचं दूध बंद केलं होतं. आठ दिवस."

मेधाला हसू आलं ते तिनं पदरात दाबलं. अण्णांनी मेणकापड सैल केलं, नाक आत घातलं, आणि मग बरणीला कान लावला. डोळे मिटून, डॉक्टर छातीला लावतात तसा. बराच वेळ.

"मेलेलं नाही. गारठलंय," त्यांनी निदान सांगितलं. "नाशकाच्या थंडीत उघड्यावर ठेवलंत, त्याचं काय चुकलं? आसव धान्याच्या राशीत मुरवायचं असतं. गहू आहेत घरात?"

गव्हाचं पिंप होतं. अर्धे गहू आम्ही पोत्यात काढले, बरणी पिंपात ठेवली, तिच्याभोवती गहू ओतले. सलाईनची नळी तेवढी वर राहिली. पिंप ढकलत उन्हात नेलं. या सगळ्यात ते माझ्याशी पन्नास-साठ शब्द बोलले असतील. तीन वर्षांचा एकूण हिशेब याच्या निम्म्यावरही गेला नसता.

"आणि मेधे," हात झटकत ते म्हणाले, "तू याला शिवायचं नाहीस. गर्भिणीला वर्ज्य."

स्वयंपाकघरात मेधानं मला कोपऱ्यात घेतलं.

"ओतलं नाहीस."

"नाही."

"वर आसव म्हणालास. अण्णांना."

"हो."

"आता ते चव बघतील, आणि पहिल्या थेंबाला त्यांना कळेल."

"चव कशी बघतील?" मी म्हणालो. "आपल्या घरचं त्यांच्या घशाखाली उतरत नाही ना."

हे मी सुटका झाल्याच्या आनंदात बोललो आणि बोलल्यावर मला तिचा चेहरा दिसला. आपली सुटका आणि तिचं दुःख एकाच गोष्टीत आहे, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. मी गुमान कांदे चिरायला घेतले.

शुक्रवारी सकाळी बुडबुडे सुरू झाले. आधी एकेक, मग लागोपाठ. अण्णा संमेलनाला गेले, पण दुपारच्या सुट्टीत रिक्षा करून घरी आले आणि तडक गॅलरीत गेले. मी त्या दिवशी दुसऱ्या पाळीला जायचा होतो. त्यांनी मला बोटानं खुणावलं.

"चौबळ, इकडे या. ऐका."

मी पिंपात डोकं घालून एका बाजूनं बरणीला कान लावला. दुसऱ्या बाजूला ते. आमच्या नाकांत वीतभर अंतर असेल. आतून तव्यावर तूप कढावं तसा बारीक आवाज येत होता.

"किती दिवसांनी ऐकतोय," अण्णा म्हणाले. "आता आमच्याकडे सगळे बाटलीतली तयार आसवं घेतात. दोन वर्षं झाली, मी काही लावलेलं नाही."

मग त्यांनी वास घेतला आणि ते अस्वस्थ झाले. "यात कॉफी आहे. जायफळ आहे, ते ठीक, ग्राही आहे, पोट बांधतं. पण हे तिक्त, कडवट काय आहे? फुलं कसली?"

"विलायती आहेत."

"तुमच्या आजीला विलायती फुलं कुठून मिळाली?"

"आजोबा गोदीत होते," मी म्हणालो. खोटं बोलण्यात माणसाची प्रगती फार लवकर होते.

अण्णा 'हं' म्हणाले. बोटाच्या टोकाला मेणकापडावरचा एक थेंब लागला होता. बोट तोंडापर्यंत गेलं. तिथे थांबलं. त्यांनी ते पंचाला पुसलं.

त्या दिवसापासून मला त्यांची दया यायला लागली. खरंच सांगतो. आयुष्यभर ज्यानं जिभेवर थेंब ठेवून औषध ओळखलं, त्याच्यासमोर कधी न पाहिलेलं आसव मुरत होतं, आणि त्याच्याच शब्दानं त्याची जीभ बांधली होती. ते रंग बघायचे, वास घ्यायचे, कान लावायचे आणि शेवटी चडफडत पंचाला बोट पुसायचे. शनिवारी त्यांनी पाच वेळा बोट पुसलं. मी मोजत होतो.

रविवारी डोहाळजेवण झालं. शेजारच्या बायका, फुलांची वाडी, पाच भाज्या, दोन गोड पदार्थ. अण्णा गॅलरीत पिंपाशेजारी बसले होते, समोर स्वतःचा मुगाचा भात. मेधा हिरव्या साडीत, फुलांनी मढलेली, हातात वाढलेलं ताट घेऊन त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिली. ते उठले. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

"सुखरूप मोकळी हो," ते म्हणाले. मग ताटाकडे न बघता म्हणाले, "माझं झालंय जेवण."

त्यांचा भात अजून पातेल्यात तसाच होता. मेधा ताट घेऊन आत आली, ओट्यावर ठेवलं आणि बाहेर बायका ओव्या म्हणत असताना भिंतीकडे तोंड करून रडली. मला सासऱ्यांची दया येत होती म्हणालो ना, ती त्या क्षणी पार आटली. असला कसला शब्द, म्हणून मी गॅलरीत जाणारच होतो. मेधानं माझा हात धरला.

"काही बोलू नकोस," ती म्हणाली. "ते आलेत ना, तेवढं पुरे."

सोमवारी ते परत जायचे होते. सकाळी ट्रंक बांधून तयार. निघण्याआधी त्यांनी काड्यापेटी मागितली, मेणकापड काढलं आणि पेटती काडी बरणीच्या तोंडाशी धरली. काडी फस्सदिशी विझली.

"आतला वायू संपला नाही. अजून मुरतंय," ते म्हणाले. "काडी जळत राहिली की आसव सिद्ध झालं."

"मी पाहीन काडी लावून," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की जणू मी प्रसूती करतो म्हणालो. "अर्धं टाकून वैद्य जात नाही," असं म्हणून त्यांनी ट्रंक सोडली.

मंगळवारी काडी विझली. मेधानं मला हळूच विचारलं, "तू पहाटे उठून त्यात साखर तर टाकत नाहीस ना?" ही युक्ती मला सुचली नव्हती, याचं मला वाईट वाटलं.

बुधवारी पहाटे गॅलरीत स्टो फरफरत होता. आंघोळीचं पाणी असेल म्हणून मी कुशीवर वळलो. सकाळी दहाला अण्णांनी आम्हां दोघांना बोलावलं. ट्रंक बांधलेली होती. त्यांनी काडी पेटवून बरणीच्या तोंडाशी धरली. काडी शांतपणे जळत बोटापर्यंत आली.

"झालं," अण्णा म्हणाले.

मी फडक्यातून गाळून एक तांब्या भरला. काळंभोर, कडेला किंचित तांबूस. वास कॉफीचा, वेलचीचा, आणि खाली भाजलेल्या धान्याचा. अण्णांनी तांब्या उजेडाकडे धरला, नाकाशी नेला, खाली ठेवला.

"चौबळ, चव घ्या."

मी घेतली. तोवर आयुष्यात मी स्वतःच्या हातानं इतकं चांगलं काही केलेलं नव्हतं. "छान झालंय."

"छान म्हणजे काय? आधी मधुर लागतं की तिक्त?"

"दोन्ही."

"शेवटी तुरट येतं का? जिभेच्या कडेला की मागे?"

"मागे. म्हणजे, कडेलाही. साधारण कॉफीसारखं."

"कॉफीसारखं!" अण्णा कळवळले. "अहो, सात दिवस मी याच्या उशाशी बसलो, आणि तुम्ही मला कॉफीसारखं म्हणून सांगताय. मेधे, तुझ्या नवऱ्याच्या तोंडात जीभ आहे की चामडं?"

मेधा भिंतीला टेकून उभी होती, एक हात पोटावर. मग अगदी साध्या आवाजात, मीठ मागावं तसं, म्हणाली,

"अण्णा, औषधाला विटाळ नसतो ना? तुम्हीच म्हणायचात."

खाली भंगारवाला ओरडत गेला. अण्णा तांब्याकडे बघत होते.

"नसतो," ते म्हणाले.

"आणि बरणीही आपलीच आहे."

"बरणी आपलीच आहे."

"मग चमचा आणू?"

"आण."

ती चमचा घेऊन आली. अण्णांनी तांब्यातून चमचा भरला, तोंडाजवळ नेला. मी मनात देवाची नावं घ्यायला लागलो. आता कळणार. आता ट्रंक उचलणार. चमचा ओठांपाशी थांबला आणि परत खाली आला. थेंबही न सांडता त्यांनी तो तांब्यात रिता केला.

"नाही," ते म्हणाले.

मेधाचा चेहरा पडला. मला वाटलं, झालं. संपलं.

"आसव उपाशीपोटी घेत नाहीत," अण्णा म्हणाले. "शास्त्र आहे. भोजनोत्तर, चार चमचे, तितक्याच पाण्यातून. सकाळपासून माझ्या पोटात काही नाही."

"मग तुमचा स्टो..." मी म्हणालो.

"बांधला."

"मी सोडतो की. दोन मिनिटांत."

मेधानं माझ्या पायावर पाय दिला. सात महिन्यांची गरोदर बाई, सगळा भार देऊन. अण्णा बांधलेल्या ट्रंकेकडे बघत होते, मग पायाच्या नखांकडे, मग कुठेच नाही.

"मग आता काय करायचं, अण्णा?" मेधानं विचारलं.

"काय करायचं म्हणजे? वाढ."

तिनं कसं वाढलं ते मला नीट आठवत नाही, कारण माझ्याच डोळ्यांना दिसत नव्हतं. वालाचं बिरडं होतं, भात होता, ताक होतं. वाल मी सोलले होते. अण्णांनी चित्राहुती घातल्या, पहिला घास घेतला आणि सावकाश चावला. मेधा समोर बसून त्यांच्या जबड्याकडे बघत होती.

"गूळ कमी पडलाय," अण्णा म्हणाले. "तुझी आईही कमीच घालते."

मेधा हसत होती आणि पदरानं तोंड पुसत होती. त्यांनी बिरडं दोनदा मागून घेतलं. हात धुऊन पाटावर परत बसले आणि म्हणाले, "आता आणा ते."

चार चमचे आसव, चार चमचे पाणी. त्यांनी ते तोंडात घोळवलं, डोळे मिटले. किती वेळ गेला कोण जाणे. मग डोळे उघडून त्यांनी वाटी पुढे केली.

"आणखी चार. मात्रा वयावर असते."

मात्रा तीनदा झाली. तिसऱ्या खेपेला ते पाणी विसरले.

दुपारी एकच्या एसटीवर मी त्यांना सोडायला गेलो. ट्रंक टपावर चढवली आणि हातातली पिशवी खिडकीतून आत देताना ती तिरकी झाली. आतला पितळी डबा बाकावर घरंगळला आणि झाकण उघडलं. डब्यात दशम्या होत्या. दुधात पीठ मळून केलेल्या, प्रवासात चालणाऱ्या, मऊसूत, पहाटेच केलेल्या. आठ-दहा सहज असतील. एकीलाही हात लागलेला नव्हता.

मी डब्याकडे बघितलं. अण्णा माझ्याकडे बघत होते.

त्यांनी झाकण लावलं आणि डबा खिडकीतून माझ्या हातात दिला.

"तुम्ही खा," ते म्हणाले. "घरी नेऊ नका. मेधेला सांगायचं नाही."

"नाही सांगत."

ड्रायव्हरनं गाडी सुरू केली. अण्णांनी खिडकीतून मान बाहेर काढली.

"आणि जावईबापू," ते म्हणाले. हा शब्द त्यांनी पहिल्यांदाच वापरला होता. "पुढच्या खेपेला जव कमी भाजा. बिअर करपट लागते."

गाडी गेली. मी स्टँडच्या बाकावर बसलो आणि सासऱ्यांच्या हातच्या दशम्या खायला लागलो. तीन वर्षांत त्या बरणीतल्या लोणच्याखेरीज त्या घरचं मीही काही खाल्लेलं नव्हतं, हे खाताना आठवलं. कोरड्याच, पाण्याच्या घोटाबरोबर, एकूण एक संपवल्या. पुरावा ठेवायचा नव्हता. डबा नळावर धुतला आणि कारखान्यात माझ्या कपाटात नेऊन ठेवला. तो मी निवृत्त होईपर्यंत तिथेच होता.

घरी आलो तेव्हा मला धड वाकताही येत नव्हतं. मेधानं दार उघडलं. इतकी खूश ती मला लग्नाच्या दिवशीही दिसली नव्हती.

"बिरडं ठेवलंय तुझ्यासाठी," ती म्हणाली. "जेवला नाहीस ना अजून?"

"नाही," मी म्हणालो, आणि पाटावर बसलो.